बेट्झेनबर्गची चढण

जर्मनीत, मानहाइमला गाडी बदलली. नॉयश्टाट मागे पडलं आणि फाल्ट्सचं जंगल सुरू झालं. एका बोगद्यातून बाहेर पडतोय तोवर दुसरा. कायझर्सलाउटर्न जेमतेम लाखभर वस्तीचं. स्टेशनाबाहेर येऊन मान वर केली की बेट्झेनबर्ग टेकडीवरचं फुटबॉल स्टेडियम दिसतं, गडावरच्या बालेकिल्ल्यासारखं. चढण धाप लावते. वर फ्रिट्झ वॉल्टरचं नाव, इथलाच जुना मोठा खेळाडू. 1954 चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघात कायझर्सलाउटर्न या एका क्लबचे पाच जण होते. जवळजवळ पन्नास हजार लोक मावतात इथे, म्हणजे अर्धं गावच!

मी मात्र आलो होतो प्रशिक्षक ओटो रेहागेलसाठी. 1938 साली एसेनच्या कोळसापट्ट्यात जन्मलेला, रंगारीकाम शिकलेला हा माणूस खेळाडू म्हणूनही अखेरची वर्षं याच क्लबात होता. प्रशिक्षक झाल्यावर 1978 मध्ये त्याच्या डॉर्टमुंडने ग्लाडबाखकडून 12-0 असा मार खाल्ला आणि त्याची नोकरी गेली. मग ब्रेमेनमध्ये चौदा वर्षं, दोन लीग विजेतेपदं. म्युनिकच्या बायर्न क्लबने बोलावलं आणि पहिला हंगाम संपायच्या आत, एप्रिल 1996 मध्ये, काढूनही टाकलं.

त्याच उन्हाळ्यात कायझर्सलाउटर्न दुसऱ्या श्रेणीत घसरलं होतं. ओटो तिथे गेला, वर्षभरात संघ वर आणला. ऑगस्ट 1997 मध्ये बुंडेसलिगातला, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधला, पहिलाच सामना म्युनिकला, बायर्नशी. 1-0 ने जिंकला! (त्या दिवशी ओटोच्या घरी काय जेवण झालं असेल?) संघात उतारवयातला ब्रेमे, जेमतेम विशीतला बालाक, आणि 21 गोल करणारा मार्शाल. मे 1998 मध्ये वोल्फ्सबुर्गला 4-0 हरवून, एक सामना राखून विजेतेपद. नुकताच वर आलेला संघ थेट बुंडेसलिगा जिंकतो, हे त्याआधी घडलं नव्हतं, नंतरही नाही.

वेस्टकुर्वेच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या प्रेक्षक-स्टँडच्या, बंद फाटकापाशी बराच वेळ रेंगाळलो. जग ओटोला ओळखतं ते ग्रीसमुळे, त्याने त्यांना जिंकून दिलेल्या 2004 च्या युरो कपमुळे. बाद फेरीत फ्रान्स, चेक आणि पोर्तुगाल, तिघांनाही 1-0. थोरच काम. पण बाद फेरीत नशिबाला वाव असतो. चौतीस सामन्यांच्या लीगमध्ये नशीब किती दिवस पुरणार? माझ्या लेखी ओटोची खरी कमाई या टेकडीवरची.

खाली उतरून साउमागेन मागवलं: डुकराच्या पोटात भरलेलं मांस आणि बटाटे. चव झकास, पण एका माणसाला संपणारं नाही.