शेवटच्या बाकापर्यंत

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, असायचा आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायचं काम बोर्डिंगच्या नववीच्या मुलांकडे असायचं. शनिवारी त्या उकळायच्या, हाताने कुस्करायच्या आणि धुवट पांढऱ्या फडक्यातून रस गाळायचा. रविवारी सकाळी तो बोटभर उंचीच्या काचेच्या प्याल्यांत ओतायचा. लाकडी तबकाला गोल भोकं पाडलेली असायची, एकेका भोकात एकेक प्याला. थेंब सांडला तर बोर्डिंगच्या बाई रागवायच्या नाहीत, पण स्वतः फडकं घेऊन पुसायला बसायच्या. त्याची आम्हाला जास्त लाज वाटायची.

पाव बेकरीचा असे. कडा काढून त्याचे लहान चौकोनी तुकडे करायचे. पाळकसाहेब मात्र वाचायचे, "येशूने भाकर घेतली." मी एकदा बाईंना विचारलं, पाव असताना भाकर का म्हणायचं? बाई म्हणाल्या, "भाकर म्हणजे रोजचं अन्न. ते नसलं तर काय होतं, तुला सांगायला हवं का?" नको होतं. १९७२ च्या दुष्काळात माझे आईवडील खडी फोडायच्या कामावर होते. आम्ही पोरं सुकडीवर जगलो आणि लाल मिलो ज्वारीची भाकर मिळाली की सण वाटायचा. नगरला बोर्डिंगात आलो ते त्यानंतर. वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या, रात्री येशूने शिष्यांपुढे मोडलेली ती भाकर बेखमीर, खमीर न घातलेली, होती, हे पुढे शिकलो. पण मोडून वाटलेल्या भाकरीचा अर्थ आधीच कळला होता.

आमच्या चर्चमध्ये वेदीपाशी जायची रीत नव्हती. तबक बाकांवरून हातोहात फिरे. तुकडा घेऊन तळहातावर धरायचा आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना मिळेस्तोवर थांबायचं. मग पाळकसाहेब "घ्या, खा" म्हणत आणि सगळे एकदमच खात. प्याल्याचंही तसंच. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे चर्चसंस्था, मिळून उत्तर भारतीय चर्च झालं, तेव्हा गुडघे टेकून एकाच प्याल्यातून घेणारेही आमचेच झाले. काचेचे छोटे प्याले रोगजंतूंच्या भीतीने १८९० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. भीती खरी होती. तरी एक प्याला ओठोओठी फिरण्यात जे होतं ते त्या छोट्या प्याल्यांत उतरलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

कारण आम्ही कुठून आलो होतो? आजोबांना गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवायची मुभा नव्हती. इतिहासाच्या गुरुजींनी एकदा १८९० चं पंचहौद मिशनचं प्रकरण शिकवलं. पुण्यात मिशनच्या आवारात चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर केवढं वादळ उठलं, शंकराचार्यांपर्यंत कसं गेलं, प्रायश्चित्त कसं घ्यावं लागलं. धडा संपल्यावर गुरुजी थोडे थांबले आणि म्हणाले, "आता रविवारी तबक हातात येईल तेव्हा आठवा, कप म्हणजे काय होता." वर्गात चिडीचूप झालं.

नववीत असतानाच माझं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, झालं आणि मी प्रभुभोजन घेऊ लागलो. तिसऱ्याच महिन्यात हातून चूक घडली. शुक्रवारी रात्री माझ्या बाकावरच्या सोबत्याने दोन भाकरी सदऱ्यात लपवल्या. मी ते मावशींना सांगितलं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत त्याला भिंतीशी उभं राहावं लागलं. शनिवारी संध्याकाळी तयारीच्या उपासनेत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला: वेदीपाशी देणगी आणलीस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर देणगी तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी मान खाली घालून ऐकलं. उठलो नाही.

रविवारी तबक त्याच्याकडे आलं. त्याने तुकडा न घेता ते माझ्या हातात दिलं. मी घेतला. शेवटच्या बाकापर्यंत तबक जायला किती वेळ लागला कोण जाणे, तळहातावरचा पाव घामाने ओला झाला. "घ्या, खा," आवाज आला. मी खाल्ला. तो समोर बघत होता.

चौथ्या दिवशी ताटं घासताना मी त्याला म्हटलं, "चुकलो रे." त्याने राखेचा हात तसाच ठेवून सांगितलं, "भूक लागली होती. एवढंच."

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय मी नंतर पुष्कळदा वाचला. तिथल्या मंडळीत श्रीमंत आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पत्र लिहिणारा प्रेषित पौल चिडला आहे तो त्यावर. "एकमेकांसाठी थांबा," असं तो सांगतो. भाकरीचं नेमकं काय होतं, यावर मोठमोठी माणसं भांडली. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे धर्मसुधारक "हे माझे शरीर आहे" यातल्या 'आहे' या एका शब्दावरून वेगळे झाले. माझ्या वसईच्या कॅथलिक स्नेह्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद म्हणतात आणि तो साक्षात ख्रिस्त आहे असं मानतात. त्यांची श्रद्धा पाहून मी नम्र होतो. पण मला प्रभू भेटला तो त्या थांबण्यात. तो तुकडा हातात असताना मी एकटा जेवू शकत नाही. आणि त्या रविवारी मी एकटाच जेवलो होतो.

पुढच्या महिन्यात तबक आलं तेव्हा त्याने तुकडा उचलला आणि दुसरा माझ्या तळहातावर ठेवला. आमच्याकडे तशी रीत नव्हती. कोणी काही बोललं नाही.

बोर्डिंगच्या महोत्सवाच्या रविवारी सकाळी प्रभुभोजन आहे, असं निमंत्रणात वाचलं आणि मी त्याला फोन लावला. त्याने पहिलं विचारलं ते, "मनुका कोण भिजवणार?"

शुक्रवारीच पोचतो, असं त्याला सांगितलं आहे.