मुदत संपलेले खुनी

कृषी केंद्राचा धंदा मृगापासून पोळ्यापर्यंत मान वर करू देत नाही. पुढं दिवाळीपर्यंत उधारीच्या वह्या असतात. रिकामे महिने म्हणजे एप्रिल आणि मे. वखरण्या आटोपलेल्या असतात, पीककर्जाचे कागद सोसायटीत पडलेले असतात आणि दारव्ह्याच्या बाजूला ऊन पंचेचाळीसच्या पुढं गेलेलं असतं. दुपारी बारा ते चार दुकानात मी आणि कूलर, एवढेच दोघं. या वेळात मी घरातल्या रहस्यकथांची यादी करायला घेतली आहे.

रहस्यकथा हा शब्द मी ऐसपैस वापरतो. पहिल्या तीस पानांत मुडदा पडला पाहिजे, एवढीच अट. मग तो डिटेक्टिव्हचा असो, वकिलाचा असो की हेराचा. बाबूजींना नाद होता, त्यांच्याकडून तो मला लागला. दोन पिढ्यांचे मुडदे आमच्या घरात कपाशीच्या बियाण्याच्या खोक्यांत भरून आहेत. कापूस घरात आला की खोके माडीवर जातात, तूर आली की पलंगाखाली, आणि पाहुणे आले की बंगईच्या मागे. एवढ्या फिरस्तीत कोणतं पुस्तक कुठं आहे, हे फक्त कसरीला ठाऊक. वरून भिंतीत उदई. निंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्यांवर किती दिवस काढणार?

यादीसाठी नवी वही आणली नाही. कीटकनाशकाचं एक कोरं स्टॉक रजिस्टर पडून होतं, तेच घेतलं. त्यात रकाने छापलेले असतात: मालाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, उत्पादन तारीख, अंतिम मुदत, आवक, जावक, शिल्लक. मालाच्या जागी पुस्तक, कंपनीच्या जागी प्रकाशक, बॅचच्या जागी आवृत्ती. आवक-जावक तशीच ठेवली, कारण पुस्तकं मागून नेणारे आणि खत उधार नेणारे आमच्याकडे बरेचदा एकच असतात. अंतिम मुदतीच्या रकान्याचं काय करायचं, ते काही दिवस सुचलं नाही. त्यावर नंतर येतो.

गावच्या वाचनालयात बसणारे गुरुजी मला म्हणाले, ‘असं नाही बाबू, शास्त्रशुद्ध कर. ड्युई लाव.’ मेल्विल ड्युई या अमेरिकन गृहस्थानं १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा भागांत वाटून त्याला आकडे दिले. त्या हिशेबात मराठी साहित्य ८९१.४६ आणि मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३. मी दोन दिवस मन लावून आकडे टाकले. मग लक्षात आलं, की बाबुराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या सगळ्या या एकाच आकड्याखाली येऊन बसतात. त्यांचा नायक झुंजारही तिथंच, काळापहाडही तिथंच, आणि खांडेकरही शेजारीच. वाचनालयाला हे चालत असेल, माझं भागत नाही. आज रात्री झोप लागू नये असं काही हवं असेल, तर ८९१.४६३ मला काय सांगणार?

म्हणून मी आमच्याच धंद्यातली पद्धत लावली. औषधाच्या डब्यावर तिरप्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. स्टेशनरीतून रंगीत चिकटपट्ट्या आणून तेच त्रिकोण पुस्तकांच्या पाठीवर लावले. जे हाती घेतलं की जेवण थंड होतं, ते लाल. ज्यात खुनी आधीच कळतो तरी गंमत टिकते, ते पिवळं. निळं एसटीत वाचायचं. हिरवं आजारी माणसाला द्यायला हरकत नाही. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन बहुतेक लाल-पिवळ्यात आले. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप मी लहानपणीच्या आठवणीवर लालमध्ये टाकला होता. पुन्हा वाचून पिवळ्यात आणला, पण हात जड झाला.

परवा एक शेतकरी तुरीचं बियाणं विचारायला आला आणि काउंटरवरची थप्पी पाहून थबकला. ‘भाऊ, पुस्तकाले लाल तिकोन कायले लावला जी? उंदरं मारता का यानं?’

विष आणि रहस्यकथा यांचं नातं तसं जुनंच. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधखात्यात कामाला होती आणि तिथं तिनं विषांची मात्रा शिकून घेतली. १९२० साली आलेल्या तिच्या पहिल्याच कादंबरीत स्ट्रिक्निन आहे. ते कुचल्याच्या बियांतून निघतं. (विष सांगितलं, खुनी सांगितला नाही.) ती पुस्तकं मी घरात ठेवतो, दुकानात नाही. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्या हंगामानंतर कीटकनाशकाच्या मांडणीशेजारी विषप्रयोगाच्या गोष्टी मला ठेववत नाहीत.

यादीचं खरं डोकेदुखीचं काम म्हणजे नावं. अर्नाळकरांचं पाळण्यातलं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मग ‘अ’मध्ये लिहू की ‘च’मध्ये? जेम्स हॅडली चेस याचं आडनाव खरं म्हणजे रेमंड. त्यातही त्यानं काही पुस्तकं रेमंड मार्शल या दुसऱ्याच टोपणनावानं काढली आणि पुढं त्यातलीच काही चेसच्या नावानं पुन्हा छापली गेली. ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ १९३४ ची. अमेरिकेत तीच कादंबरी ‘मर्डर इन द कॅले कोच’ म्हणून विकली गेली. इब्ने सफींचं तर विचारूच नका. त्यांचा उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत कर्नल विनोद होतो आणि इमरानचा राजेश होतो. या धंद्यात गुन्हेगारापेक्षा लेखक आणि प्रकाशकच जास्त वेष पालटतात. मी कव्हरवर जे नाव आहे तेच लिहितो आणि समोर पेन्सिलनं ‘उर्फ’ टाकतो. पोलीस ठाण्यातही तीच रीत असते.

हिंदीचा गठ्ठा आमच्याकडे मराठीएवढाच आहे, आणि वऱ्हाडात हे नवल नाही. बाहेरगावाहून यवतमाळला यायचं तर बाबूजी मूर्तिजापूरला उतरून शकुंतला रेल्वे धरायचे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. मधे कारंजा, दारव्हा. नॅरोगेजची ती गाडी अशी चालायची, की मूर्तिजापूरच्या फलाटावर घेतलेलं पॉकेटबुक संपायचं, शेजाऱ्याशी अदलाबदल करून घेतलेलंही संपायचं, तरी यवतमाळ येत नसे. मेरठ आणि दिल्लीची ती लुगदी कागदाची पुस्तकं. सुरेंद्र मोहन पाठकांचा पत्रकार सुनील आणि फरारी विमल यांना बाबूजी गावातल्या माणसांसारखे ओळखायचे. आता शकुंतला बंद आहे, रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. पुस्तकांत मात्र तिची तिकिटं अजून सापडतात. खूण म्हणून घातलेलं पुठ्ठ्याचं तिकीट, त्यावर उमटलेली तारीख. सालाचा तोच एक पुरावा, कारण आपल्या रहस्यकथांच्या प्रकाशकांना साल छापण्याचं भारी वावडं. ‘किंमत दोन रुपये’ एवढं ठळक छापतील, पण कोणत्या सालचे दोन रुपये ते तुम्ही ओळखा. मी मागच्या कव्हरवरच्या जाहिरातींवरून, किमतीवरून आणि तिकिटावरून साल काढतो आणि त्यापुढं ‘सुमारे’ लिहितो.

पुतण्या पुण्याहून आला तेव्हा हसला. ‘काका, ॲपमध्ये बारकोड दाखवा, सगळी माहिती आपोआप भरते.’ त्यानं दुपारभर मोबाइल पुस्तकांवर धरला. बारकोडच्या मागं असतो तो आयएसबीएन क्रमांक. तो २००७ पासून तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता, आणि आमच्या बहुतेक पुस्तकांवर तो छापलेलाच नाही. झुंजारला मोबाइलनं ओळखलं नाही. पुतण्यानं शेवटी युरियाच्या गोणीवरचा कोड दाखवला, तो बरोबर ओळखला.

आता त्या अंतिम मुदतीच्या रकान्याकडे.

इतर पुस्तकं लक्षात राहिली की आपल्याला बरं वाटतं. रहस्यकथेचं उलट असतं. खुनी आठवतो तोवर ते पुस्तक खोक्यात पडलेला नुसता कागद. विसरलं की पुन्हा कोरं करकरीत, पैसे न देता. म्हणून मी त्या रकान्यात लिहायला लागलो, की या पुस्तकातला खुनी माझ्या डोक्यातून साधारण कधी जाईल. साध्या पॉकेटबुकाला दोन उन्हाळे पुरतात. ख्रिस्तीच्या काही पुस्तकांचा शेवट इतका पक्का बसतो, की त्यांच्यापुढं मी ‘आजन्म’ लिहिलं आहे. शेरलॉक होम्सच्या छप्पन्न गोष्टी आणि चार कादंबऱ्या मी मुदतीबाहेर ठेवल्या. तिथं खुनी कोण हे ठाऊक असूनही वाचायला बसतो, कारण तिथं मी त्या बेकर स्ट्रीटच्या खोलीत बसायला जातो. हा नियम शास्त्रशुद्ध नाही, पण रजिस्टर माझं आहे. वयाबरोबर मुदती आखूड होत चालल्या आहेत, हीही जमेची बाजू. बाबूजी शेवटच्या वर्षात एकच पुस्तक दर पंधरवड्याला वाचायचे आणि दर वेळी शेवटाला ‘अरे बापा!’ म्हणायचे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला एक असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. गुरुजींनी तो ऐकवला तेव्हा माझा रकाना अडचणीत आला. माझी मुदत संपली म्हणजे गुरुजींचीही संपली असं थोडंच आहे? आणि हिची तर संपतच नाही. आमची सौभाग्यवती रहस्यकथा वाचते ती दुपारी तूरडाळ निवडता निवडता, परातीच्या कडेला पुस्तक टेकवून. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला खुनी, त्याचा कोट आणि त्यानं कोणत्या कपातून चहा घेतला, सगळं तिला पाठ. गठ्ठे झटकायला ती आली की मी हात जोडतो, बोलू नको म्हणून. कव्हरवर नजर गेली की तिच्या तोंडून नाव निघालंच म्हणून समजा.

थप्पीच्या तळाशी एक मराठी पुस्तक सापडलं. कव्हर नाही, पहिला फर्मा नाही, शेवटची पानं नाहीत. मधल्या पानांवर एक वाडा, एक विहीर, एक म्हातारी जमीनदारीण आणि तिच्या उशाशी सांडलेलं दूध. लेखकाचा पत्ता नाही, नाव नाही, साल नाही, किंमतसुद्धा नाही. शेवटच नसल्यानं खुनी कळायची सोय नाही, म्हणून मी खुशीत लाल त्रिकोण लावला आणि मुदतीच्या रकान्यात ‘कधीच संपणार नाही’ असं लिहायला पेन उचलला. ही मागून डोकावली. दूध सांडलेलं पान तिनं उभ्या उभ्या वाचलं.

‘अवो, हे मी नववीत असताना वाचलं व्हतं. दिवाणजीनं मारलं तिले.’

‘नाव काय पुस्तकाचं?’

‘ते नाही बा आठवत.’

‘लेखक?’

‘लेखकाले कोण पायते?’

रजिस्टरात त्या ओळीत सध्या सगळे रकाने कोरे आहेत. शेऱ्यात फक्त ‘दिवाणजी’.