इंग्लिश मिक्स्चरला इंग्लंडात थारा नाही

पाइपच्या तंबाखूत ज्याला इंग्लिश मिक्स्चर म्हणतात त्यातले एकही पान इंग्लंडच्या मातीतले नसते, आणि ते निवांत बसून ओढावे म्हटले तर तशी जागाही आता इंग्लंडमध्ये सहजासहजी सापडत नाही, ही तक्रार मी आरंभीच नोंदवून टाकतो, म्हणजे पुढच्या नाराजीचे मूळ वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील. या मिश्रणाचा पाया असलेले व्हर्जिनिया पान अमेरिकेतून किंवा आफ्रिकेतून येते, ओरिएंटल म्हणतात ती लहान, सुवासिक पाने ग्रीस-तुर्कस्तानच्या बाजूची असतात, आणि ज्याच्यावाचून या प्रकाराला इंग्लिश म्हणतच नाहीत तो काळा लटाकिया आज मुख्यतः सायप्रसहून येतो. इंग्रजांचे त्यात आहे ते मिसळण्याचे कसब आणि एक संयम. तंबाखूत साखर, मद्य, फळांचे अर्क घालण्यावर त्या देशात दीर्घकाळ कायद्याचे निर्बंध होते, त्यामुळे जी काही चव आणायची ती पानापानांच्या प्रमाणातूनच काढावी लागे.

मी निपाणीचा. आमच्या घरी तंबाखूचा व्यापार होता आणि बिडीचा माल मुठीत दाबून त्याची ओल पाहणे, चिमूटभर तळहातावर चोळून नाकाशी नेणे, काडी किती आणि भुकटी किती याचा अंदाज वखारीच्या दारातच बांधणे हे मी लहानपणापासून पाहत आलो. पाइप मात्र नोकरीच्या काळात हाती आला आणि तोही एखाद्या रविवारच्या संध्याकाळपुरताच राहिला. तंबाखूने माणसाचे काय होते हे आमच्या भागाने फार जवळून पाहिले आहे, तेव्हा हे वाचून कोणी नव्याने पाइप हाती धरू नये. पण माल पारखण्याची सवय रक्तात असल्यामुळे, मुलीकडे मँचेस्टरला जायचे ठरले तेव्हा उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशातल्या केंडल या तंबाखूच्या गावी जाण्याचा हट्ट मी धरला आणि बायकोने तो सरोवरे पाहायला मिळतील या अटीवर मान्य केला.

लंडनमधील दिवस रांगांत आणि भुयारी रेल्वेच्या जिन्यांवर गेले. त्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. अपवाद सेंट जेम्सेस स्ट्रीटचा. तेथील १९ क्रमांकाच्या इमारतीतील तंबाखूच्या दुकानाची परंपरा १७८७ पर्यंत मागे जाते, चर्चिल आणि ऑस्कर वाइल्ड हे त्याचे गिऱ्हाईक होते आणि तळघरात त्या काळच्या वस्तूंचे छोटेसे संग्रहालय आहे. जवळच ड्यूक स्ट्रीट लागतो. तेथे १९०७ साली आल्फ्रेड डनहिलने दुकान थाटले आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे पाने मिसळून ती कृती क्रमांकासह वहीत उतरवून ठेवण्याची पद्धत पाडली; ‘माय मिक्स्चर ९६५’ या नावातला आकडा त्या वहीतला. हेच मिश्रण पुढे डेन्मार्कमध्ये तयार होऊ लागले, २०१८ मध्ये डनहिलचे नाव पाइप-तंबाखूच्या डब्यांवरून उतरले आणि पुढच्याच वर्षी तोच माल पीटरसनच्या नावाने परत आला. म्हणजे लंडनमध्ये उभे राहून लंडनची सर्वांत प्रसिद्ध मिश्रणे विकत घ्यावीत तर ती डेन्मार्कची निघतात. म्हणूनच केंडल. तेथे अजूनही तंबाखू कापला, वाफवला आणि दाबला जातो.

ऑक्सनहोमला गाडी बदलून आम्ही पावसात केंडलला उतरलो. करड्या चुनखडी दगडाच्या घरांचे हे गाव एकेकाळी लोकरीवर जगले आणि नंतर तपकिरीसाठी ओळखले जाऊ लागले. टॉमस हॅरिसन नावाच्या माणसाने १७९२ मध्ये स्कॉटलंडमधून तपकीर दळण्याची यंत्रे येथे आणली, त्यातून पुढे गॉविथ घराणे उभे राहिले, त्याच्या दोन शाखा झाल्या आणि अलीकडच्या काळात सॅम्युअल गॉविथ आणि गॉविथ हॉगार्थ ही दोन्ही नावे पुन्हा एका छपराखाली आली. आपल्याकडे तपकीर म्हणजे आजी-आजोबांच्या कनवटीची डबी. येथे मात्र तिच्यावर सव्वादोनशे वर्षांचा धंदा उभा आहे. कारखाना आतून पाहता आला नाही, पण मला डबे हवे होते आणि ते बाजारपेठेतल्या एका दुकानात मिळाले. पन्नास ग्रॅमला वीस पौंडांच्या वर मोजावे लागले. त्या पैशात निपाणीला किती माल येतो याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि तो बायकोला सांगितला नाही.

आता मूळ दुखणे. आम्ही ज्या घरात उतरलो होतो तेथील खोलीच्या दारामागे, कपाटावर आणि स्नानगृहाच्या आरशाशेजारी अशा तीन ठिकाणी एकच सूचना चिकटवली होती, की आवारात कोठेही, बाग धरून, धूम्रपान केल्यास जबर दंड आकारला जाईल. खोलीत ओढू नये हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्या बागेत कोंबड्यासुद्धा नव्हत्या. २००७ च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये सार्वजनिक छपराखाली धूम्रपानास बंदी आहे. सिगार आणि पाइपच्या तंबाखूची चव घेऊन पाहण्यासाठी त्या कायद्याने खास तंबाखूच्या दुकानांना सूट ठेवली आहे खरी, परंतु तशी बसायला खुर्ची असलेले दुकान लंडनमध्ये मागे राहिले होते. तेव्हा उरले उघडे आकाश, आणि त्या प्रदेशातले आकाश कसे असते ते तेथे जाऊन आलेल्यांना सांगायला नको.

पहिला डबा उघडला तो ‘स्क्वॉड्रन लीडर’चा. व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लटाकिया यांचे हे जुने मिश्रण; तपकिरी, पिवळसर आणि काळ्या रंगाचे धागे एकमेकांत गुंतलेले. डब्यातून जो वास आला तो ओळखायला मला क्षणभरही लागला नाही, कारण आजोळच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या माळ्याला ज्या धुराने काळ्या पडलेल्या तुळया होत्या त्यांना हुबेहूब असाच वास येत असे. यात नवल नाही. लटाकिया हे काही वेगळे रोप नव्हे. उन्हात वाळवलेली पाने बंद कोठारात टांगून खाली सुगंधी झुडपांची आणि लाकडांची मंद धुनी दीर्घकाळ पेटती ठेवली, की पान काळे पडते आणि धूर त्यात मुरतो. सिरियातील लटाकिया बंदराच्या मुलखात कोणा शेतकऱ्याचा न खपलेला माल घराच्या आढ्याला टांगून राहिला आणि चुलीच्या धुराने ही युक्ती सापडली, अशी कथा सांगतात. सिरियाच्या डोंगरांवरची झाडे या धुनीपायी तोडली जाऊ लागल्यामुळे तेथील उत्पादन आटत गेले आणि सायप्रस पुढे आला.

माल मुठीत दाबून पाहिला तर त्याचा गोळा झाला आणि मूठ उघडल्यावरही तो सुटेना. आमच्या वखारीत असा माल घेऊन कोणी आला असता तर तराजूवर चढण्याआधीच त्याच्याशी भांडण झाले असते, कारण ओल म्हणजे वजन आणि वजन म्हणजे पैसे. केंडलच्या मालाची ही ख्यातीच आहे. तो ओलसर भरला जातो आणि ज्याने त्याने आपल्या सोयीने सुकवून घ्यायचा असतो. वर्तमानपत्रावर पसरून खिडकीत ठेवला आणि दाबल्यावर गोळा न होता हळूच उलगडेल, पण बोटांत चुरचुरणार नाही, इतका सुकेपर्यंत थांबलो. ओला तंबाखू ओढला की वाफ होते, वाफेने जीभ पोळते, आणि मग चवीविषयी काही बोलण्याचा अधिकार राहत नाही.

पाऊस थांबल्यावर पॅरिश चर्चशेजारच्या ॲबट हॉलच्या बागेत, केंट नदीच्या काठी, झाडाआडचा एक बाक धरला. वारा ही पाइपची खरी परीक्षा असते, कारण वाऱ्यात निखारा भडकतो आणि गरम धुरात सगळी मिश्रणे सारखीच कडवट लागतात. म्हणून झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून बसावे लागले. पाइपची वाटी तळाशी सैल आणि वर थोडी घट्ट भरली, पहिली काडी ओढली, तंबाखू फुगून वर आला, तो दट्ट्याने हलकेच दाबला आणि मग दुसऱ्या काडीने पाइप खऱ्या अर्थाने लागला.

पहिल्या काही झुरक्यांत फक्त लटाकिया. धूर, चामडे, किंचित डांबर. बाकावर दुसऱ्या टोकाला बसलेल्या बायकोने नाकाला पदर लावला आणि विचारले, “अहो, हे तुम्ही पैसे देऊन घेतलंत?” मी उत्तर दिले नाही, कारण याच टप्प्यावर मत देणारे बहुतेक लोक या प्रकाराला नावे ठेवून मोकळे होतात. इंग्लिश मिक्स्चरची पारख वाटी तिसरा हिस्सा जळल्यावर सुरू होते. धुराचा पडदा तेव्हा थोडा बाजूला सरतो आणि ओरिएंटल पानांचा आंबूस, सुका, थोडा अत्तरासारखा स्वाद जिभेच्या कडांना जाणवू लागतो. थोडासा धूर नाकावाटे हळूच सोडला तर तो अधिक स्पष्ट कळतो. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर व्हर्जिनियाचा गोडवा वर येतो. तो बाहेरून घातलेल्या साखरेचा गोडवा नव्हे, पानाचा आहे, आणि वाटी जितकी सावकाश ओढावी तितका तो वाढत जातो. मिनिटाला दोन-तीन झुरक्यांहून अधिक घाई केली की तो जळून जातो. तीन पाने पाळीपाळीने बोलतात आणि कोणी कोणाचे तोडत नाही, हे मी चांगल्या मिश्रणाचे लक्षण मानतो, आणि ‘स्क्वॉड्रन लीडर’ त्यात पुरेपूर उतरले. तळाशी ओला चोथा जवळजवळ उरला नाही, राख करडी-पांढरी पडली.

आणखी एक गोष्ट आमच्या व्यापारातल्या माणसाला बुचकळ्यात टाकणारी आहे. काळे पान म्हणजे कडक पान हा आमच्याकडचा साधा अंदाज; लटाकिया दिसायला काळाकुट्ट, वासाला उग्र, पण अंगात सौम्य असतो. डोके गरगरवण्याची ताकद त्यात नाही. उलट केंडलचेच काळे दोर, म्हणजे पाने पिळून वळलेला माल, वासाने फारसे घाबरवत नाहीत आणि ओढले तर घाम फोडतात.

दुसऱ्या डब्यातल्या ‘कॉमनवेल्थ’मध्ये अर्धा व्हर्जिनिया आणि अर्धा लटाकिया. ओरिएंटल नाही. जाणकार त्याची फार स्तुती करतात आणि थंडीत, भिजलेल्या कोटासह, त्याचा पहिला अर्धा भाग मलाही मोठा आश्वासक वाटला. पण मधला दुवाच नसल्यामुळे धूर आणि गोडवा समोरासमोर उभे राहतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात. मला ते एकसुरी वाटले. ‘स्किफ’ याच्या उलट, ओरिएंटल पुढे आणि लटाकिया मागे. चहाच्या वेळेला उत्तम, पण लटाकियानंतर ओढले तर पाण्यासारखे लागते, कारण लटाकिया नाकाला लवकर बधिर करतो. म्हणून पारखताना सौम्य आधी आणि धुरकट नंतर हा क्रम पाळावा आणि मध्ये बिनसाखरेचा चहा घ्यावा.

सरोवरे पाहिली. विंडरमियरला गर्दी होती आणि आइस्क्रीम महाग होते.

केंडलला परतल्यावर त्याच बाकावर मी ‘एनरडेल फ्लेक’ काढला. हा खरे तर इंग्लिश मिक्स्चरमध्ये बसत नाही. लटाकिया त्यात नाही, दाबलेल्या वडीच्या पातळ कापा असतात आणि त्यांना या भागाचा म्हणून ओळखला जाणारा फुलांचा, बदामाचा, सरळच सांगायचे तर साबणाचा वास असतो. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सुवासिक तपकीर केली त्यांचा हात येथे स्पष्ट कळतो. ओढणाऱ्याच्या जिभेला ती फुले झाकून टाकतात; खालचा तंबाखू चांगला आहे हे कळते, पण त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. मी मनात त्याला नापास केले, तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकावरची मंडळी सरकून जवळ आली. “हा छान आहे. हाच ओढत जा.” ओढणारा जे चाखतो आणि शेजारचा जे हुंगतो त्या दोन निराळ्या गोष्टी असतात हे मला ठाऊक होते, पण आजवर माझ्या पाइपविषयी तिच्याकडून आलेले हे पहिले बरे मत होते, आणि ते नेमके मला न आवडलेल्या मालाला मिळाले.

भारतात परतताना विनाशुल्क फक्त १२५ ग्रॅम तंबाखू आणता येतो, म्हणजे पन्नास ग्रॅमचे दोन डबे आणि वर पंचवीस ग्रॅम. पहिला डबा अर्थात ‘स्क्वॉड्रन लीडर’चा. दुसऱ्यासाठी ‘कॉमनवेल्थ’ घ्यावे असा मोह झाला, पण लटाकियाचा धूर वर्षे जातील तसा निवत जातो आणि माझ्या रविवारच्या वेगाने डबा संपायला वेळ लागतो. उलट निव्वळ व्हर्जिनिया बंद डब्यात मुरत जाऊन अधिक गोड होतो. म्हणून ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’ घेतला आणि तो न उघडता ठेवून द्यायचे ठरवले. उरलेले पंचवीस ग्रॅम कशाचे घ्यायचे यावर दुकानात चर्चा झाली नाही. बायकोने बरणीकडे बोट दाखवले आणि दुकानदाराने ‘एनरडेल’ तोलून दिला. अडचण एवढीच होती की पाइप ज्याचा करतात त्या ब्रायरच्या लाकडात हा वास असा काही मुरतो की पुढे त्या पाइपमध्ये दुसरे कोणतेही मिश्रण साबणासारखेच लागते, तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र पाइप हवा. तो तिन्ही तंबाखूंच्या एकत्र किमतीपेक्षा महाग पडला. पैसे तिने दिले.