ऑडिओग्राम नॉर्मल आला तरी तिथेच थांबू नका – लेकाच्या एपीडी (ऐकलेल्याचा अर्थ लावण्यात मेंदूला येणारी अडचण) टेस्टचा माझा अनुभव

लेक नऊ वर्षांचा, मराठी माध्यमात. घरी शांततेत सगळं कळतं पण वर्गात, लग्नात, टीव्ही चालू असताना दर वाक्याला "काय?" आणि शाळेची एकच तक्रार, याचं लक्षच नसतं. इएनटीकडे कान तपासले, टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची आणि मधल्या कानाची तपासणी) ठीक, ऑडिओग्राम नॉर्मल, "काही नाही, मस्ती करतोय" म्हणून परत पाठवलं. मला पटेचना, कारण पोरगा रडकुंडीला येऊन सांगायचा, आवाज येतो गं आई पण शब्द कळत नाहीत.

मग एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी नीट समजावलं की ऑडिओग्राममध्ये हळू आवाज कुठपर्यंत ऐकू येतो एवढंच कळतं, ऐकलेल्याचा अर्थ मेंदू कसा लावतो ते त्यात दिसत नाही. त्याच्या टेस्ट वेगळ्या आणि त्या साधारण सात वर्षांनंतरच करतात, आधी उत्तरं फार वरखाली होतात. त्याआधी सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) किंवा भाषेची अडचण असली तरी बाहेरून असंच दिसतं ना, म्हणून हा टप्पा प्लीज गाळू नका.

टेस्टमध्ये हेडफोनवर दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे, सगळे सांगायचे. उजव्या कानातले धडाधड सांगत होता, डाव्यातले गायबच! मॅडम म्हणाल्या उजवा थोडा पुढे असतोच, कारण बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि डाव्या कानातलं तिथे वळसा घेऊन पोचतं, पण या वयात एवढा फरक नको. सलग खरखर आवाजात मध्येच येणारी मिलिसेकंदांची शांत फट ओळखायची टेस्ट मस्त जमली, गोंगाटातली वाक्यं मात्र पार कोलमडली. आणि हो, आकडे-वाक्यं मराठीत आहेत का ते आधीच विचारा, इंग्लिशमध्ये दिली तर कानाची परीक्षा होणार की इंग्लिशची?

हे एपीडी फक्त मुलांचंच नाही हं, स्ट्रोक किंवा डोक्याला मार लागल्यावर मोठ्यांनाही होऊ शकतं.

आता दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळं ऐकून सांगायचा सराव चालू आहे, रिपोर्ट शाळेत देऊन पहिला बाक मागून घेतला, सूचना फळ्यावर लिहून द्या असंही सांगितलंय. बाईंच्या गळ्यात माइक आणि याच्या कानात रिसीव्हर, असं यंत्र असतं, त्याची ट्रायल वर्गातच घ्यायची असं ठरलंय, क्लिनिकच्या शांततेत काय कळणार.