खिशाला बांधलेला उजेड

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारचे साडेचार वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. मी एस्टोनियातल्या तार्तू शहरात शिकते. तिथल्या एका बसथांब्यावर मी उभी, काळा कोट, काळी टोपी, काळे बूट. शेजारी सत्तरीतली एक आजी. पाच मिनिटं आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होतो. लांबून बस दिसली तशी तिने पिशवीतून एक चकचकीत प्लास्टिकचं पान काढलं, दोरी आणि सेफ्टीपिनसकट. वाकून ते माझ्या कोटाच्या उजव्या खिशाला लावलं, "हेल्कुर" एवढा एकच शब्द उच्चारला आणि बसमध्ये चढून खिडकीबाहेर बघत बसली. मी तिच्या मागच्याच सीटवर होते. उतरेपर्यंत तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

हेल्कुर म्हणजे रिफ्लेक्टर. एस्टोनियात अंधार पडल्यावर रस्त्यावर चालणाऱ्याने तो लावायचाच, असा कायदा आहे. नाहीतर दंड. दोरीने गुडघ्याच्या उंचीवर लोंबकळता ठेवायचा, कारण गाडीच्या दिव्यांचा झोत तिथे पडतो. लहान पोरांच्या दप्तराला, म्हाताऱ्यांच्या काठीला, कुत्र्यांच्या पट्ट्याला, सगळीकडे तो लटकलेला दिसतो.

आई दर रविवारी विचारते, "काऊन गं, बोलते का नाही कोणी तुझ्याशी तिथे?" हिवाळ्यात भारत आमच्या साडेतीन तास पुढे असतो, उन्हाळ्यात अडीच. त्यामुळे तिची जेवणं आटोपलेली असतात आणि तिला भरपूर वेळ असतो. मला मात्र तिच्या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही. बोलत नाहीत, हे खरंच आहे.

हा देश आहेच मुळात रिकामा. लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्याएवढी. पण जागा जिल्ह्याच्या सातपट आणि त्यात निम्मं जंगल. तार्तू हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर आणि तिथे एक लाखसुद्धा माणसं नाहीत. विद्यापीठ १६३२ सालचं, स्वीडनच्या राजाने काढलेलं. शहाजीराजे निजामशाही सावरायला धडपडत होते त्या सुमाराचं! गावाचा सगळा कारभार या विद्यापीठाभोवती फिरतो. जुलैत विद्यार्थी गेले की रस्ते इतके ओस पडतात की आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो.

इथे शिकायला येणाऱ्यांनी आधी समजून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे इसिकुकोद, अकरा आकडी ओळख क्रमांक. माझा ६ ने सुरू होतो, म्हणजे २००० नंतर जन्मलेली मुलगी. मुलगा असते तर ५ आला असता. पुढे जन्मतारीख. हा नंबर आणि ओळखपत्र हातात आलं की दोन पिन मिळतात. पहिला ओळख पटवायला, दुसरा सही करायला, आणि ती सही कागदावरच्या सहीइतकीच पक्की धरली जाते. होस्टेलचा करार मी स्वयंपाकघरात, एका हातात चमचा धरून सही केला. तहसीलच्या दारात झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आणि शिक्का?" शिक्का नाही बाबा.

पण नंबर मिळेपर्यंतचे दिवस वाईट. एका बँकेने खातं उघडायला मला सहा आठवडे लटकवलं. दर वेळी नवा कागद, दर वेळी तीच थंड "वाट पाहा." तोवर भारतातून आणलेल्या कार्डावर दिवस काढायचे आणि रुपयात हिशोब करून छाती दडपून घ्यायची. सुरुवातीच्या दोन महिन्यांचे पैसे वेगळे काढूनच निघा.

होस्टेलमध्ये सहा जणांत एक स्वयंपाकघर. माझी रूममेट दक्षिणेकडच्या एका खेड्यातली एस्टोनियन मुलगी. पहिला महिना आमच्यात 'तेरे' म्हणजे नमस्कार आणि 'आइताह' म्हणजे आभार, एवढाच संवाद. एका सकाळी ती वाटीत तपकिरी पीठ केफिरमध्ये कालवत होती. केफिर म्हणजे आंबट, जरा फसफसणारं ताक समजा. पिठाचा वास नाकात शिरला आणि मी जागची हललेच नाही. भाजलेल्या धान्याचा तो वास आमच्या घरी सातू दळून आणल्यावर पिशवीला येतो, अगदी तोच. या पिठाचं नाव कामा. राय, ओट्स, जव आणि वाटाणा भाजून दळतात. आमच्याकडे गहू आणि डाळवं असतं, आणि गुळाच्या पाण्यात कालवतात, एवढाच काय तो फरक. मी तिला हे हातवारे करत, तीनदा सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, मान हलवली आणि गेली. पुढच्या सोमवारी गावाहून आली तेव्हा माझ्या टेबलावर दोन किलोची पिशवी होती. आजीने घरी दळलेला कामा. चिठ्ठी वगैरे काही नाही.

मग मीही बोलणं सोडून द्यायला शिकले. तिच्यासाठी झुणका करून ठेवते. ती तो काळ्या राय-ब्रेडवर लोण्यासारखा फासून खाते. बघवत नाही, पण काय बोलणार. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, इथे कुंडीत लावलेलीच मिळते. चार काड्या तोडल्या की रोप मरतं. चॉकलेटचा थर दिलेला गोड चक्का, कोहुके, मात्र प्रत्येक दुकानात आहे आणि श्रीखंडाची हौस त्यावर भागते.

पैशाची ओढाताण सगळ्यांचीच. माझे दोन मित्र सायकलवर जेवणाचे डबे पोचवतात, उणे पंधरातही. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागे दहा सेंट परत मिळतात. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी कोण लवकर उठतं यावरून आमच्या मजल्यावर चुरस असते. सप्टेंबरात कार्लोवा भागातल्या लाकडी घरांच्या फाटकाबाहेर लोक सफरचंदांच्या टोपल्या ठेवतात, हवी तेवढी न्या. मालक दिसत नाही. आभार मानायचे तरी कोणाचे?

भाषेचा बाऊ फार करतात. विभक्त्या चौदा आहेत हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुलांनी कपाळाला हात लावला. मला तेवढी भीती वाटली नाही. तार्तुस म्हणजे तार्तूत, तार्तुस्त म्हणजे तार्तूहून. प्रत्यय शब्दाच्या शेपटीलाच लागतो, आपल्यासारखा. वर लिंगभेद नाही, तो-ती-ते सगळं एकच. उच्चार मात्र अजूनही जमत नाहीत.

डिसेंबर सांगण्यासारखा नाही. सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला जातो, तोही ढगाआडून. हिंगणघाटच्या सेहेचाळीस डिग्रीत वाढलेल्या माणसाला थंडी सोसते, कपडे चढवले की झालं. अंधार सोसत नाही. मी दोन आठवडे दुपारी झोपून काढले आणि एका असाइनमेंटची मुदत घालवली. इथे एक क्रेडिट म्हणजे २६ तासांचा अभ्यास धरतात, सेमिस्टरला तीस क्रेडिट. वर्गात कमी, उरलेलं सगळं तुमच्या अंगावर. मागे लागणारं कोणी नाही.

त्याच दिवसांत एकदा तोमे टेकडीवरच्या जुन्या वेधशाळेत गेले. मी जिओइन्फॉर्मॅटिक्स शिकते, म्हणजे नकाशेच. स्ट्रुव्ह नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने या इमारतीला धरून १८१६ ते १८५५ या काळात नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत २,८२० किलोमीटरची रेषा मोजवली. २५८ त्रिकोण एकाला एक जोडून, पृथ्वीचा खरा आकार कळावा म्हणून. फलक वाचताना मला हसू आलं. असेच त्रिकोण जोडत मद्रासहून उत्तरेला निघालेला विल्यम लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारला. त्याची कबर आमच्याच गावात आहे. अठरा वर्षं त्या गावात काढली, शाळेत कोणी कधी सांगितलं नाही. इथे तिकीट काढून कळलं! घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "हो, ते गोऱ्या साहेबाचं थडगं ना? माहीत आहे." माहीत होतं म्हणे.

एप्रिल संपता संपता सगळं पालटतं. एमायोगी, म्हणजे शब्दशः आई-नदी, मोकळी वाहू लागते आणि विद्यार्थी घरी ठोकून बनवलेले तराफे तिच्यात सोडतात. निम्मे बुडतात. वर्षभर न बोललेली माणसं काठावर ओरडत असतात.

फेब्रुवारीत आठवडाभर घरी गेले होते तेव्हा कोटाच्या खिशाला ते पान तसंच लटकत होतं. बाबांनी उलटंपालटं करून पाहिलं, दोरी ताणून पाहिली, अंगणातला दिवा मालवून त्यावर टॉर्च मारली. आमच्याकडे कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रात्री बाजाराच्या रस्त्याला लागतात, मागे ना दिवा ना काही. पान मी परत आणलंच नाही. काल बाबांचा मेसेज आला: "बंड्या सोळा. येताना वीस आण."