जांभळ्या बल्बातलं थोडंसं रक्त

सकाळी सहा चाळीसला मी वॉर्डात फोन केला. "बेड अकराच्या आजी, पोटॅशियम 7.4." सिस्टरांनी आकडा परत म्हणून दाखवला, मी वेळ आणि त्यांचं नाव रजिस्टरात लिहिलं. क्रिटिकल व्हॅल्यूचा, म्हणजे जीवाला धोका सांगणाऱ्या आकड्याचा, फोन असाच करायचा असतो. त्याला आता वीस दिवस झाले. फोन नियमाप्रमाणे केला होता, आकडा मात्र खोटा होता.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात चौदा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. वॉर्डातून रक्त आणणं आणि मशीन चालवणं, दोन्ही आमच्याकडेच. रक्त भरायच्या छोट्या नळ्यांना आम्ही बल्ब म्हणतो. पेशंटला त्यांच्या झाकणांचे रंग तेवढे दिसतात, पण रंग ही आत काय भरलंय त्याची खूण असते. निळ्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट, रक्ताच्या नऊ भागांना एक भाग. तो खुणेपर्यंत भरला नाही तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबलेला येतो. लाल आणि पिवळा रक्त गोठू देण्यासाठी. पिवळ्यात तळाला जेल असतं, मशीनमध्ये जोरात फिरवलं की गुठळी खाली राहते आणि सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वर येतं. हिरव्यात हेपारिन, जांभळ्यात सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, ईडीटीए, करड्यात साखरेसाठी फ्लोराइड. भरायचे ते याच क्रमानं, आणि ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, असेल तर ते सगळ्यांच्या आधी. लॅबसाठी नियम ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेचा हा क्रम आता सगळीकडे चालतो.

यातला जांभळा सगळ्यात घातकी. त्याच्या आतल्या भिंतीला ईडीटीएचा पोटॅशियमवाला क्षार फवारलेला असतो. तो रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. म्हणजे त्या बल्बातलं रक्त जरा जरी पिवळ्यात गेलं तर पोटॅशियम वाढणार, कॅल्शियम कोसळणार. जस्तही त्याला चिकटतं, आणि अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तातल्या एन्झाइमला जस्त लागतं, म्हणून तेही खाली येतं. व्हॅक्यूमच्या सुईनं, म्हणजे सुईला लावलेला बल्बच रक्त ओढून घेतो तसं, नीट घेतलं तर एका बल्बातलं दुसऱ्यात जायला फारसा वाव नसतो. पण आमच्या वॉर्डांत अजून सिरिंज चालते. रक्त सिरिंजमध्ये ओढायचं, झाकणं उघडायची आणि एकेका बल्बात सोडायचं. त्यात सिस्टर जांभळा आधी भरतात, कारण सीबीसीच्या रक्तात गाठ आली की आम्हीच तो परत पाठवतो. सिरिंजचं टोक जांभळ्याच्या भिंतीला लागतं आणि तेच पुढं पिवळ्यात जातं. किती वेळा सांगितलं. कंपनीनं दिलेला रंगीत तक्ता प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर लावलाय, इंग्रजीत आहे, आणि त्याच्यावर ड्यूटी चार्ट चिकटवलेला असतो. रक्त घेणं हे कसबाचं काम आहे असं आमच्याकडे कुणालाच वाटत नाही. सगळ्यात नवीन जी असेल तिच्या हातात ट्रे देतात.

त्या दिवशी ट्रे आमच्या शिकाऊ मुलीकडे होता. डीएमएलटीचं, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचं, दुसरं वर्ष, हात हलका, कामात मन. मीच तिला शिकवलं होतं.

आजींना जुलाब लागून दाखल केलं होतं, अंगात पाणी कमी. सकाळी पावणेसहाला नमुना आला. दोन बल्ब, पिवळा आणि जांभळा. पिवळा मी सेंट्रिफ्यूजमधून काढला तर गाठ नीट बसलेली नव्हती. सिरमवर फायब्रिनचा, म्हणजे रक्ताची गुठळी ज्या धाग्यांनी बनते त्यांचा, दोरा तरंगत होता, शेवयीसारखा, एक टोक जेलला धरून. असं रोज दोन-चार बल्बांत दिसतं. घाईनं फिरवलं की होतं. मी काडीनं तो दोरा गुंडाळून काढला, पुसला आणि नमुना इलेक्ट्रोलाइटच्या मशीनला लावला.

सोडियम 138. पोटॅशियम 7.4.

पहिली शंका हिमोलिसिसची. तांबड्या पेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढतं. बल्ब उजेडात धरला. सिरम स्वच्छ, फिकट पिवळं, लालसर झाकसुद्धा नाही. नमुना परत लावला, तेच. मग फोन केला.

वॉर्डातले डॉक्टर तरुण पण सावध. त्यांनी आधी ईसीजी काढला. त्यात काही दिसलं नाही. पण ईसीजी साधा असूनही पोटॅशियम खरोखर वाढलेलं असू शकतं, त्यामुळे थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं. हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग पोटॅशियम उतरवायला डेक्स्ट्रोजमधून, म्हणजे साखरेच्या सलाइनमधून, दहा युनिट इन्शुलिन. किडनीच्या डॉक्टरांना फोन गेला. आजींच्या मुलाला डायलिसिस लागू शकतं असं सांगितलं, आणि तो बाहेर जिन्यात उभा राहून बहिणींना बोलावून घेत होता.

इकडं माझ्यासमोर किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आलं, 1.0. ते पाहिल्यावर पोटात गोळा आला. किडनी ठीक, पोटॅशियम वाढवणारं औषध कुठलं चालू नाही, सिरम स्वच्छ. मग 7.4 आलं कुठून? कॅल्शियम कुणी मागितलेलं नव्हतं. मी त्याच बल्बातून लावलं, सोबत अल्कलाइन फॉस्फटेजही. दहा मिनिटं मशीनसमोरून हलले नाही. कॅल्शियम 4.1. अल्कलाइन फॉस्फटेज 19. कॅल्शियम खरंच इतकं कमी असतं तर आजींच्या हातापायांना वांब आले असते.

मी धावत वर गेले आणि स्वतः दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, फक्त पिवळा. पोटॅशियम 3.9, कॅल्शियम 9.2. इन्शुलिननं पोटॅशियम उतरतं, पण अर्ध्या तासात 7.4 चं 3.9 होत नाही. डॉक्टरांनी बाकीचं सगळं थांबवलं. तरी दिलेलं इन्शुलिन काही परत घेता येत नाही. आठच्या सुमाराला आजींना दरदरून घाम सुटला, ग्लुकोमीटरवर साखर 52. परत डेक्स्ट्रोज. नऊपर्यंत त्या सावरल्या आणि चहा मागू लागल्या.

त्या मुलीला मी बाजूला घेतलं. आवाज चढला होता माझा, कबूल करते. "जांभळा आधी भरलास ना?"

"नाही हो ताई. पिवळा आधी, मग जांभळा. तुम्ही सांगितलंय तसंच."

खरंच तसंच केलं होतं. पण पिवळ्यात जेमतेम दीड मिली आलं आणि शीर दबली. सुई जरा फिरवल्यावर धार लागली तेव्हा जांभळा लावलेला होता, तो पूर्ण भरला. लॅबकडे येताना जिन्यात तिनं दोन्ही झाकणं उघडून जांभळ्यातलं थोडं पिवळ्यात ओतलं. "आजींचे हात किती बारीक, सगळीकडे निळं झालेलं. परत कुठं टोचू त्यांना? रक्त तर एकाच माणसाचं आहे ना, ताई?" ती रडत होती.

क्रम मी तिच्याकडून रोज म्हणून घ्यायचे. जांभळ्यात पोटॅशियम आहे हे एकदाही सांगितलं नव्हतं. मला शिकवणाऱ्यांनीही मला क्रमच शिकवला होता. कारण मी पुढं वाचून शोधलं आणि स्वतःजवळ ठेवलं.

आणि तो फायब्रिनचा दोरा. ईडीटीए मिसळल्यावर उरलेलं रक्त नीट गोठलंच नव्हतं, ते तो दोरा सांगत होता. रोजचाच म्हणून मी तो काडीला गुंडाळून टाकून दिला.

घटनेचा फॉर्म भरताना मी दोऱ्याचं लिहिलं. क्वालिटीचं काम बघणारे म्हणाले, "मॅडम, हे कशाला लिहिता, तुमच्यावर येईल. शिकाऊनं ओतलं एवढं पुरे." मी ती ओळ ठेवली. त्या मुलीचा ट्रे महिनाभर काढून घेतलाय. मला ते पटलेलं नाही आणि तसं लेखी दिलंय. सध्या ती माझ्याशेजारी बसते. मी तिला एकेक बल्ब उलगडून सांगते, आत काय आणि ते कशाला धरतं.

आता पोटॅशियम 6.5 च्या वर आलं की मी आधी त्याच बल्बातून कॅल्शियम लावते. त्याचं रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, कुणाच्या बिलात घालायचं यावरून बोलणं झालंय, बघू. परवा एका डायलिसिसच्या पेशंटचं 6.9 आलं. कॅल्शियम आलं 8.8, म्हणजे पोटॅशियम खरं होतं. फोन केला तोवर अकरा मिनिटं गेली होती. रजिस्टरात मी दोन्ही वेळा लिहिल्या, मशीननं आकडा दिला ती आणि फोन केला ती.