तुम्ही विचारलंत म्हणून: हैदराबादची वाहिनी आमच्या तालुक्यात कशी रुजली

केबलचा धंदा केलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "किती कमावलंत?" त्याचं उत्तर मी देत नाही. दुसरा जरा बरा असतो: "काका, ई-टीव्ही मराठीचं सगळं बिऱ्हाड हैदराबादला, मालक तेलुगू. तरी आपल्याकडं ती एवढी कशी चालली? मुंबईची अल्फा मराठी तर तिच्या आधी आली होती." विचारणारी बहुतेक पत्रकारिता शिकणारी पोरं असतात. त्यांच्या सरांपैकी कुणीतरी तिथल्या डेस्कवर उमेदवारी केलेली असते आणि रामोजी फिल्म सिटीच्या गोष्टी वर्गात सांगितलेल्या असतात.

आमचा तालुका नांदेड जिल्ह्यातला, तेलंगणाच्या शिवेवरचा. इथल्या म्हाताऱ्या माणसांना हैदराबाद परकं नव्हतंच. 1956 पर्यंत कोर्टकचेरीची वाट तिकडंच जायची. गावात तेलुगू घरंही बरीच. 1995 साली तेलुगू ई-टीव्ही सुरू झाली आणि ही घरं ती लावा म्हणून माझ्या मागं लागली. म्हणजे मराठी ई-टीव्ही येण्याआधीच हे घराणं आम्हाला माहीत होतं.

त्याआधी माहीत होता तो त्यांचा पेपर. ई-टीव्हीचे मालक रामोजी राव यांनी 'ईनाडू' हा तेलुगू पेपर 1974 साली विशाखापट्टणमला काढला. त्यातली त्यांची खरी करामत म्हणजे जिल्ह्याची पानं. राज्याच्या बातम्यांच्या मुख्य अंकाबरोबर तुमच्या जिल्ह्याची लहान आकाराची वेगळी पुरवणी. निजामाबादकडून येणाऱ्या एसटीतून तो अंक आमच्याकडं यायचा आणि तेलुगू वाचता येणारी माणसं आधी ती पुरवणी उघडायची. कुठल्या गावची पाइपलाइन फुटली, कुठल्या बाजारात मिरचीला काय भाव लागला. मला विचाराल तर ई-टीव्ही मराठी त्या पुरवणीतून जन्माला आली. मालिका, गाणी, गप्पा हे सगळं नंतरचं.

आता थोडं यंत्रांबद्दल, कारण त्याशिवाय 'नेमकं तेव्हाच का' हे कळत नाही. नव्वदीच्या दशकात बराच काळ खासगी चॅनलला भारतातून उपग्रहाकडं सिग्नल सोडायची परवानगी नव्हती. कार्यक्रमाच्या टेपा विमानानं हाँगकाँग, सिंगापूरला जायच्या आणि तिथून प्रक्षेपण व्हायचं. अशानं सिनेमा दाखवता येतो, मालिका दाखवता येते; आज दुपारी परभणीत झालेली गारपीट आज संध्याकाळी दाखवता येत नाही. 1998 नंतर हे नियम सैल होत गेले आणि 2000 साली खासगी कंपन्यांना इथूनच स्वतःचं अपलिंक, म्हणजे उपग्रहाकडं सिग्नल सोडणं, करायची वाट मोकळी झाली. त्याच सुमाराला डिजिटल प्रक्षेपण आलं. पूर्वी एका चॅनलला उपग्रहावरचा अख्खा ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र, लागायचा, आता त्याच जागेत कितीतरी चॅनलं बसायला लागली आणि भाडं वाटून गेलं. प्रादेशिक भाषेचं चॅनल परवडायला लागलं ते असं. आम्हा केबलवाल्यांना मात्र दर नव्या चॅनलमागं सिग्नल पकडायला एक रिसीव्हर आणि तो केबलवर चढवायला एक मॉड्युलेटर घ्यावा लागायचा. त्या खर्चाबद्दल कुठले सर वर्गात बोलत नाहीत.

मराठीत दूरदर्शनचं उपग्रह चॅनल 1994 पासून होतं, पुढं त्याचंच सह्याद्री झालं. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी आली, आजची झी मराठी. अल्फाला कमी लेखायचं कारण नाही. 'आभाळमाया'च्या वेळेला आमच्या गल्लीत भांड्यांचा आवाज थांबायचा. पण त्या पडद्यावरची घरं मुंबई-पुण्याची, माणसं तिकडच्या रंगभूमीवरची, भाषा तिकडची. बातम्या अल्फावरही असायच्या, पण त्यात आमचा जिल्हा दिसायचा तो पूर आला किंवा मुख्यमंत्री आले तरच.

जुलै 2000 मध्ये ई-टीव्ही मराठी आली आणि जिल्ह्याजिल्ह्यात तिचा माणूस दिसायला लागला. खांद्यावर कॅमेरा, हातात माइकचा तो बोंडूक आणि फटफटी. जिल्हा परिषदेची सभा, कापूस खरेदी केंद्रावरची रांग, टँकर, यात्रा, शाळेचं पडलेलं छप्पर, हे सगळं हैदराबादला जायचं आणि तिथून आमच्याच घरात परत यायचं. 'महाराष्ट्र माझा' या तिच्या बातमीपत्रात तालुक्याचं नाव आलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोच विषय. तहसीलदारसुद्धा विचारायचे, "आपलं काही लागलं का हो काल?"

सकाळी 'अन्नदाता' लागायचं. रामोजींचं याच नावाचं शेतीचं मासिक तेलुगूत 1969 पासून, म्हणजे पेपरच्याही आधीचं. सकाळच्या पहिल्या वेळेला शेतीचा कार्यक्रम ठेवायचा हे मुंबईत बसून कुणाला सुचलं नसतं. अर्थात दूरदर्शननं 'आमची माती आमची माणसं' कधीपासून चालवलं होतं, ते विसरून चालणार नाही. पण खासगी चॅनलला त्यात पैसा दिसला, ही नवी गोष्ट होती.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. त्या काळी घरोघरी जे टीव्ही होते त्यातल्या बऱ्याच संचांना आठ नाहीतर बारा बटणं. वरच्या बँडवर टाकलेलं चॅनल एकतर दिसायचंच नाही, दिसलं तर मुंग्यांसकट. म्हणून पहिल्या बटणांवर कोण बसणार यावर चॅनलचं नशीब ठरायचं. मोठ्या शहरांत या जागेसाठी कंपन्या केबलवाल्याला पैसे मोजायच्या, कॅरेज फी म्हणतात तिला. का मोजायच्या? तर तिथल्या काही घरांत टीआरपीची, म्हणजे कोणतं चॅनल किती बघितलं जातं ते मोजणारी, मीटरं होती. मीटर असलेल्या शहरात चॅनल नीट दिसलं नाही तर आकडा पडणार, आकडा पडला की जाहिरात जाणार. आमच्या तालुक्यात मीटर नव्हतं. मीटरं सगळी शहरांतच; खेडं त्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. त्यामुळं आमच्याकडं ना कुणी कंपनीचा माणूस आला, ना फी आली.

मग मी चॅनलं कशी लावायचो? वसुलीला गेल्यावर बाया दारात उभ्या राहून सांगतील तशी. ई-टीव्ही मराठी आधी मागच्या बटणावर होती. तक्रारी इतक्या आल्या की एक हिंदी सिनेमाचं चॅनल मागं ढकलून तिला पुढं घ्यावं लागलं. भारनियमनाच्या दिवसांत तर कंट्रोल रूमवर बॅटरी लावून का होईना, बातम्यांच्या वेळेला सिग्नल चालू ठेवा असा दम भरायचे लोक. ज्यांच्या फीडरवर वीज असायची त्यांच्या ओसरीवर शेजारची आळी गोळा व्हायची. हा आकडा कुठल्याच अहवालात नाही, आणि मला विचाराल तर टीआरपीपेक्षा तो खरा होता.

मालिकांचं थोडक्यात सांगतो. ई-टीव्हीवर 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली, भाग 3,000 च्या वर गेले. त्यातल्या सासूला, रोहिणी हट्टंगडींना, आमच्या गावच्या सासवांनी सून कशी वागवावी याचे सल्ले मनातल्या मनात किती दिले असतील! झीनंही हात टेकले नाहीत. 2004 ला 'होम मिनिस्टर' घेऊन आदेश बांदेकर दारोदार निघाले, पैठणी वाटत. खरी माणसं, खरी घरं पडद्यावर आणायची ही वाट झीला सापडली आणि पुढं मनोरंजनात त्यांनी बाजी मारली, हे मान्य करायला हवं.

बातम्यांचं ठाणं मात्र 2007-08 मध्ये हललं. झी 24 तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत अशी चोवीस तासांची चॅनलं आली. त्यांच्या न्यूजरूममध्ये आणि जिल्ह्यांत दिसायला लागलेले चेहरे बघून आमच्याकडची माणसं म्हणायची, "अरे, हा तर ई-टीव्हीवाला." हैदराबादच्या तालमीत तयार झालेले पैलवान दुसऱ्यांच्या आखाड्यात उतरले. 2012 ला टीव्ही 18 या माध्यम कंपनीनं ई-टीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्यांत हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, 2014 ला व्यवहार पुरा झाला आणि मार्च 2015 मध्ये ई-टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली, निव्वळ मनोरंजनाची.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या नव्या संस्थेनं खेड्यांचे आकडे पहिल्यांदा द्यायला सुरुवात केली. ज्या प्रेक्षकांवर ती वाहिनी उभी राहिली होती, ते मोजले जायला लागले तेव्हा पाटीवर तिचं नाव नव्हतं.

पोरं मग पुढचं विचारतात, असं चॅनल आज उभं राहील का? मला नाही वाटत. जिल्ह्याची बातमी संपलेली नाही. फटफटीवरचा तो माणूस आता स्वतःच मोबाइलवर चॅनल चालवतो आणि गावच्या वाढदिवसांच्या जाहिरातींवर पोट भरतो. हैदराबादहून त्याला महिन्याचा पगार यायचा, त्यामुळं बाजार समितीच्या सभापतीविरुद्ध बातमी लावायची त्याची टाप होती. आता तोच सभापती त्याचा जाहिरातदार आहे.